आवाज सहन होत नाही? कान कधी झाकायचे आणि कधी उघडे ठेवायचे

ताटावर वाटी आपटली की कानात सळई गेल्यासारखं होतं. मिक्सर लागला की घराबाहेर पळावंसं वाटतं. अशा अवस्थेत माणसं दोनपैकी एक वाट धरतात. काही जण सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कानात बोळे घालून बसतात. काही जण घरच्यांचं ऐकून, ‘सवय झाली की बरं होईल’ म्हणत गोंगाटात जाऊन दात-ओठ खात उभे राहतात. मी या दोन्ही चुका केल्या. पुण्यात सहा वर्षं पथकात ताशा वाजवल्यावर माझे कान बिघडले. आधी सात महिने मी इअरप्लग काढलेच नाहीत. मग कोणीतरी हिंमत दिली म्हणून एका लग्नाच्या हॉलमध्ये तीन तास बसलो आणि पुढचे दोन महिने अंथरुणात काढले.

म्हणून पहिल्यांदा नेमका प्रश्न विचारू. ‘आवाज टाळावा का?’ याचं एकच उत्तर नाही. कुणाच्याही कानाला इजा करणारा आवाज टाळायचाच. ज्या आवाजाने कान दुखतो आणि दुसऱ्या दिवशीही दुखत राहतो, तो तूर्त टाळायचा. पण घरातला साधा, मऊ, रोजचा आवाज टाळायचा नाही, कारण शांततेत ठेवलेला कान आणखी हळवा होतो. हे तीन आवाज वेगळे ओळखता येणं, इथेच बहुतेकांची गाडी अडते. खालचा क्रम बदलू नका. विशेषतः पहिले तीन टप्पे न करता सहाव्यावर उडी मारू नका.

## आधी हे तपासा: थांबायला वेळ नाही अशी लक्षणं

पुढचं वाचण्याआधी यातलं काही आहे का बघा.

एका किंवा दोन्ही कानांनी अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत कमी ऐकू येऊ लागलं असेल तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. ‘मळ असेल, आठवड्याने बघू’ असं करू नका. नस बिघडून अचानक आलेल्या बहिरेपणात औषध लवकर सुरू होण्याला फार महत्त्व असतं. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली असेल, जोरदार चक्कर येत असेल, कानातून पू किंवा रक्त येत असेल, डोक्याला मार लागल्यावर त्रास सुरू झाला असेल, तरीही तसंच.

स्वतःच्या डोळ्यांच्या हालचालीचा, पावलांचा किंवा नाडीचा आवाज कानात मोठा ऐकू येत असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगा. आतल्या कानाच्या वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरच्या हाडाला फट असली की असं होऊ शकतं. तो वेगळा आजार आहे आणि त्याचा उपचारही वेगळा आहे.

आणि एक. या त्रासात जगणं नकोसं वाटण्याचे दिवस येतात. तसं होत असेल तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर बोला. तो सरकारी आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येतं. फोनचा आवाज सोसत नसेल तर स्पीकर लावून फोन हातभर लांब ठेवा, किंवा घरातल्या कुणाला तरी तुमच्या वतीने बोलायला बसवा.

## टप्पा १: आपला प्रकार ओळखा

‘आवाज सहन होत नाही’ या एका वाक्याखाली चार-पाच वेगळे त्रास लपलेले असतात. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की नुकसान होतं.

पहिला, आवाज मोठा वाटण्याचा. इतरांना साधा वाटणारा आवाज तुम्हाला कर्कश, अंगावर येणारा वाटतो. आवाज थांबला की बऱ्यापैकी आराम पडतो. वैद्यकीय भाषेत याला हायपरॅक्युसिस म्हणतात.

दुसरा, आवाजाने दुखण्याचा. कानात टोचतं, जळजळतं, ठणकतं, कधी जबडा, गाल किंवा मानेपर्यंत कळ जाते. याची खोड अशी की अनेकांना दुखणं लगेच येत नाही. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी उमटतं आणि कित्येक दिवस रेंगाळतं. सर्वांत जास्त चुका याच प्रकारात होतात, कारण आवाजाच्या वेळी ‘काही झालं नाही’ असं वाटतं.

तिसरा, ठरावीक आवाजांच्या तिटकाऱ्याचा. कुणाचं चावणं, भुरकणं, नाक ओढणं, पेन टकटकवणं ऐकलं की संताप किंवा किळस उसळते. आवाज हळू असला तरी तेच होतं. याला मिसोफोनिया म्हणतात. यात कान सहसा ठणठणीत असतो.

चौथा, भीतीचा. फटाका फुटेल या कल्पनेनेच छाती धडधडते. भीती बहुधा वरच्या प्रकारांवर कलम होते. आधी दुखतं, मग दुखेल म्हणून भीती बसते.

यांशिवाय वयानुसार ऐकू कमी येणाऱ्या माणसांचं एक लक्षण असतं. हळू बोललेलं कळत नाही आणि जरा मोठ्याने बोललं की ‘ओरडतोस कशाला’ म्हणतात. घरातल्या आजी-आजोबांचं असं होत असेल तर त्यांचा मार्ग वेगळा आहे. आधी श्रवणचाचणी, मग गरज असेल तर नीट जुळवलेलं श्रवणयंत्र.

तपासा: कागदावर एक वाक्य लिहा. ‘मला आवाज [मोठा वाटतो / दुखतो / चीड आणतो / घाबरवतो], आणि त्रास [आवाज थांबताच / काही तासांनी / दुसऱ्या दिवशी] जातो किंवा येतो.’ दोन प्रकार एकत्र असतील तर दोन्ही लिहा. हेच वाक्य डॉक्टरांना पहिल्या मिनिटात सांगायचं आहे.

## टप्पा २: तपासणीला जा, पण तोंड उघडून

माझी स्वतःची सर्वांत मोठी घसरण एका तपासणीत झाली. काही न सांगता कानात नळी बसवली आणि मोठे ‘टूं टूं’ आवाज सोडले. पुढचे तीन आठवडे मला वर्तमानपत्राची घडी उलगडलेलीही सोसेना. तपासणाऱ्याला माझा त्रास ठाऊक नव्हता, कारण मी तो सांगितलाच नव्हता. म्हणून या टप्प्यावर मी जास्त रेंगाळणार आहे.

क्रम असा ठेवा. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ, मग ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याच्या तपासण्या करणारा तज्ज्ञ. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही श्रवणविभाग असतो. ऑडिओलॉजिस्टला आधी विचारा की हायपरॅक्युसिस किंवा कानात सतत आवाज येण्याचे (टिनिटसचे) रुग्ण ते बघतात का. फक्त श्रवणयंत्रं विकणाऱ्या दुकानातली मोफत चाचणी या कामाची नाही.

कुठली तपासणी किती आवाजाची, हे आधीच माहीत हवं:

मळ काढणं. यंत्राने शोषून काढताना कानातच मोठा आवाज होतो. थेंब टाकून मऊ करून हाताच्या उपकरणाने काढता येईल का, ते विचारा.

साधी श्रवणचाचणी. ही बहुतेकांना चालते. ‘सगळ्यात हळू आवाजापासून सुरू करा आणि मी हात वर केला की थांबा’ एवढं सांगा.

मध्यकर्णाच्या स्नायूची प्रतिक्षिप्त क्रिया मोजणारी चाचणी. यात मुद्दाम मोठे स्वर सोडतात. कानाच्या पडद्याचा दाब मोजण्यापाठोपाठ ही अनेकदा आपोआप होते, म्हणून रुग्णाला कळतही नाही. दुखण्याचा प्रकार असेल तर ‘दाब मोजा, पण मोठे स्वर नकोत’ असं आधी स्पष्ट बोला.

कोणता आवाज असह्य होतो त्याची पातळी मोजणं. उपचाराची दिशा ठरवायला याचा उपयोग होतो, पण त्यात तुम्हाला असह्य पातळीपर्यंत नेलं जातं. दुखण्याचा प्रकार ताजा असेल तर ही पुढे ढकला.

एमआरआय. यंत्राचा आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ शकतो. डॉक्टरांना विचारा की याने उपचारात काय बदलणार आहे. खरंच गरज असेल तर फोमचे प्लग नीट बसवून वर इअरमफ (पूर्ण कान झाकणारी, हेडफोनसारखी झाकणं) मागा. हाडाची फट बघायची असेल तर सीटी स्कॅन करतात आणि ते पुष्कळ शांत असतं.

दंतवैद्याचंही इथेच सांगतो. ड्रिलचा आवाज दात आणि कवटीच्या हाडातून थेट आतल्या कानात जातो, त्यामुळे प्लग घालून तो फारसा थांबत नाही. थोडं थोडं काम आणि मधे विश्रांती असं ठरवा, आणि ‘थांबा’ म्हणायची हाताची खूण आधी ठरवून घ्या.

सावधान: सगळ्या चाचण्या ‘नॉर्मल’ आल्या म्हणजे त्रास खोटा असं होत नाही. साधी श्रवणचाचणी किती हळू ऐकू येतं ते मोजते, किती मोठं सोसतं ते नाही.

चालू औषधांची यादीही न्या. झोपेची किंवा चिंतेची काही औषधं एकदम बंद केल्यावरही आवाज असह्य होतो. अशी औषधं स्वतःच्या मनाने सोडू नका. अर्धशिशी असेल तर तेही सांगा. तिच्यात आवाज आणि प्रकाश दोन्ही खुपतात, आणि अर्धशिशी आटोक्यात आली की कानाचाही त्रास उतरतो असे रुग्ण असतात.

## टप्पा ३: चौदा दिवसांची वही

उपाय सुरू करायच्या आधी चौदा दिवस फक्त लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण याच्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

रोज पाच-सहा नोंदी पुरेत. कोणता आवाज, किती अंतरावर, किती वेळ, कानात प्लग होता का, त्या क्षणी कसं वाटलं आणि चोवीस तासांनी कसं आहे. त्रासाला शून्य ते दहा गुण द्या. शेवटचा रकाना दुसऱ्या दिवशी भरायचा. तोच खरा रकाना आहे. झोप किती झाली आणि मान-जबडा आखडला होता का, हेही एका शब्दात लिहा, कारण अपुऱ्या झोपेच्या दिवशी तोच आवाज दुप्पट लागतो.

फोनवरचं डेसिबल मोजणारं अॅप चालेल, पण त्याच्या आकड्याला शिलालेख समजू नका. पंखा, रहदारी यांसारख्या सलग आवाजाचा अंदाज ते देतं. ताट आपटणं, फटाका, दार धाडकन लागणं हे क्षणाचे आवाज फोनला पकडता येत नाहीत, आणि कानाला तेच सर्वांत जास्त लागतात.

तपासा: चौदा दिवसांनंतर वहीत तीन रंग करा. ज्याने त्या क्षणीही आणि नंतरही काही झालं नाही ते हिरवं. त्या क्षणी खुपलं पण तासाभरात निवळलं ते पिवळं. दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकलं ते लाल. हिरव्या रंगात एकही नोंद नसेल तर सहावा टप्पा एकट्याने करू नका, ऑडिओलॉजिस्टच्या देखरेखीखालीच करा.

## टप्पा ४: घर मऊ करा, मुकं नको

मराठी स्वयंपाकघर म्हणजे स्टील, आणि स्टीलचा आवाज टोकदार. बरं यातल्या निम्म्या गोष्टी शंभर-दोनशे रुपयांत होतात.

सिंकमध्ये जाळीची रबरी चटई टाका. मांडणीच्या फळ्यांवरही तीच. उभ्या लावलेल्या ताटांमध्ये एक-एक फडकं घाला. रोजच्या वापरातले चमचे आणि डाव शक्य तितके लाकडी किंवा सिलिकॉनचे करा. कुकरला प्रेशर आलं की आच बारीक करून शिट्ट्या मोजण्याऐवजी मिनिटं मोजा. नीट जमलं तर एकही शिटी न होता वरण शिजतं. डाळ तासभर भिजवून पातेल्यात शिजवली तर कुकरच नको. मिक्सर जाड रबरी पॅडवर ठेवा, चटणी-वाटण आठवड्यातून दोनदा एकदम करा आणि लावण्याआधी हाक मारायची पद्धत पाडा. ‘मिक्सर लावतेय गं’ म्हटल्यावर तुम्ही दोन दारांपलीकडे पोचेपर्यंत बटण दाबायचं नाही. मिक्सर कापडाने झाकू नका, मोटर तापते.

खुर्च्यांच्या पायांना फेल्ट, दारांच्या चौकटीला फोमची पट्टी, बेलच्या जागी फोन किंवा दिवा. इन्व्हर्टरची आणि वॉशिंग मशीनची शिटी बंद करता येते का, ते माहितीपत्रकात बघा.

आता याच टप्प्यातली चूक. घर इतकं शांत करतात की घड्याळाची टिकटिक ऐकू येते. मग तीच टिकटिक सोसेनाशी होते. घरात दिवसभर काहीतरी हलका, सलग आवाज हवा. आपल्याकडे छताचा पंखा हे काम उत्तम करतो. त्याचा खडखडाट होत असेल तर आधी वंगण घालून घ्या.

## टप्पा ५: कानात काय घालायचं, आणि कधी काढायचं

कान झाकण्याला मी औषध समजतो. मात्रा चुकली की तेच बाधतं. क्रेग फॉर्मबी आणि सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात निरोगी कानांच्या माणसांपैकी काहींनी दोन आठवडे जवळपास सतत इअरप्लग घातले आणि काहींनी हलका खळखळ आवाज करणारं यंत्र लावलं. प्लगवाल्यांना नंतर तेच आवाज मोठे वाटू लागले. यंत्रवाल्यांचं उलट झालं, त्यांची सोसण्याची ताकद वाढली. कानात कमी येतंय म्हटल्यावर मेंदू रेडिओची कळ फिरवावी तसा आतला आवाज वाढवतो, असं याचं एक स्पष्टीकरण आहे. चांगल्या कानांचं असं होत असेल तर आपलं काय होईल ते पाहा.

मग कधी घालायचं? ढोबळ अंदाज नको, आकडा घ्या. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेची (नायॉश) शिफारस ८५ डेसिबलला जास्तीत जास्त आठ तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ अर्धी होते. म्हणजे ८८ ला चार तास, १०० ला पंधरा मिनिटं. हा हिशेब निरोगी माणसाचा आहे. मिरवणूक, डीजे, ड्रिल, हॉलमधला साउंड, जवळचे फटाके इथे सगळ्यांनीच कान झाकावेत किंवा जाऊच नये. तुमच्या वहीतल्या लाल आवाजांनाही झाका. पिवळ्यांना झाकायचं ते अनपेक्षित असतील तेव्हाच, उदाहरणार्थ बसस्टँडवर. हिरव्यांना कधीच नाही.

फोमचा प्लग बसवण्यात बहुतेकांचं चुकतं. बोटांत दाबत लाटून सुतासारखा बारीक करा. विरुद्ध हात डोक्यामागून आणून कानाची वरची कड वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. आरशात बघितल्यावर अर्धा प्लग बाहेर दिसत असेल तर तो बसलेलाच नाही. काढताना हळू फिरवत काढा, झटक्याने ओढला तर पडद्याला ओढ बसते. मैत्रिणीशी बोलायचं किंवा दुकानात जायचं असेल तर गाळणीवाले प्लग बरे. ते आवाज समान कमी करतात, शब्द कळतात. फोमवर इअरमफ घातला की आणखी साधारण ५ डेसिबलच कमी होतात, दोघांची बेरीज होत नाही. आवाज बंद करणारे (नॉइज कॅन्सलिंग) हेडफोन पंखा, एसी, विमान अशा सलग घुमणाऱ्या आवाजाला छान, पण भांड्याच्या खणखणाटाला फारसे उपयोगी नाहीत.

सावधान: कापसाचे बोळे आवाज फारसा अडवत नाहीत, उलट खोल जाऊन अडकतात. आणि कोमट तेल कानात घालू नका. आई-आजीने कितीही मायेने सांगितलं तरी नको. या त्रासावर त्याचा उपयोग नाही, आणि पडद्याला भोक असेल तर जंतुसंसर्ग होतो.

आधीच दिवसभर प्लग घालत असाल तर एकदम काढून टाकू नका. शांत खोलीत, पंखा लावून, अर्धा तास काढा. दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं वाढवा. मला दिवसभराचे प्लग सोडायला अकरा आठवडे लागले.

## टप्पा ६: आवाजाकडे परतणं

हा टप्पा सुरू करायची अट एकच: वहीत सलग दोन आठवडे लाल नोंद नाही. दुखण्याचा प्रकार असेल तर मी चार आठवडे म्हणेन. त्या प्रकारावरचं संशोधन थोडं आहे, आणि घाई केलेल्यांचं काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे.

१. एक सलग, मऊ आवाज निवडा. पावसाची संततधार, नदी, किंवा पिंक नॉइज (दूरच्या धबधब्यासारखा एकसारखा आवाज). मध्येच गडगडाट किंवा पक्षी ओरडणारी ध्वनिफीत नको.

२. छोट्या स्पीकरवर लावा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. हेडफोन नकोत.

३. आवाज इतकाच ठेवा की लक्ष दिलं तर जाणवेल आणि कामात विसरून जाल. तो ऐकत बसायचं नाही. त्यासोबत काहीतरी करायचं, भाजी निवडणं, वाचणं.

४. पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटं. चोवीस तास वाट बघा.

५. तीन दिवस हिरवे गेले की फक्त वेळ वाढवा. वेळ दोन तासांपर्यंत पोचेपर्यंत आवाजाच्या बटणाला हात लावायचा नाही. वेळ आणि पातळी एकाच दिवशी वाढवायची नाही, नाहीतर बिघाड कशाने झाला ते कळणारच नाही.

६. मग पातळी एक घर वर, आणि वेळ पुन्हा निम्मी.

७. हे जमलं की खऱ्या जगातला एक-एक पिवळा आवाज घ्या. मी वाण्याच्या दुकानापासून सुरुवात केली, दुपारी अडीचला, गर्दी नसताना.

ऑडिओलॉजिस्ट कानावर लावायचं ध्वनियंत्र देत असेल तर ते घ्या, पण पातळी कोणी आणि कशी ठरवली ते विचारा. फरक दिसायला महिने लागतात. पंधरा दिवसांत बरं करतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

सोबत समुपदेशन असेल तर जास्त बरं. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी सीबीटी पद्धत त्रासाचा ताण आणि भीती कमी करायला उपयोगी पडते. ‘मानसोपचाराकडे पाठवलं म्हणजे डॉक्टरांना मी वेडा वाटलो’ असा राग धरू नका. भीतीने मान-जबडा आवळला की दुखणं वाढतं, एवढं साधं कारण त्यामागे असतं.

सावधान: मिसोफोनियाला हा टप्पा लागू नाही. जेवणाऱ्या माणसासमोर जबरदस्तीने बसवून तिटकारा जात नाही, वाढतो. तिथे जेवताना पंखा किंवा हलकं संगीत, टेबलावरची जागा बदलणं आणि सीबीटी हा मार्ग. तसंच दुखण्याच्या प्रकारात जळजळ सुरू झाली की त्या दिवशीचा सराव तिथेच संपवा. सोसून पुढे जाणं इथे शौर्य ठरत नाही.

## टप्पा ७: गणपती, दिवाळी, वरात

याची तयारी पंधरा दिवस आधी करायची असते, त्या रात्री नाही.

कायदा आधी समजून घ्या. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. ते दिवस आधीच जाहीर होतात. ते शोधून कॅलेंडरवर लिहा. फटाक्यांना फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा आहे. यावरून लक्षात घ्या की नियमात बसणारा फटाकाही तुमच्या जवळ फुटायला नको.

विसर्जनाच्या दिवशी घर मिरवणुकीच्या रस्त्यावर असेल तर गावी किंवा नातेवाइकांकडे जा. यात पळपुटेपणा काही नाही. जाता येत नसेल तर रस्त्यापासून लांबची, कमी खिडक्यांची खोली निवडा. जाड गाद्या आणि पुस्तकांचं कपाट रस्त्याकडच्या भिंतीला. प्लग आणि इअरमफ दोन्ही, पण मिरवणूक गेली की काढा.

मंडळाशी भांडण नंतर, बोलणं आधी. मी गेली तीन वर्षं हा निरोप अध्यक्षांना पाठवतो आणि दोन वर्षं आमच्या दारासमोर स्पीकरचं तोंड फिरवलेलं होतं:

‘दादा, नमस्कार. मला कानाचा आजार आहे, मोठ्या आवाजाने खूप दुखतं आणि काही आठवडे त्रास राहतो. मीही पथकात वाजवलंय, उत्सव बंद करा असं माझं अजिबात म्हणणं नाही. एवढीच विनंती की स्पीकरचं तोंड बी विंगकडे नको आणि मिरवणूक आमच्या गेटपाशी थांबू नये. निघायच्या अर्धा तास आधी एक मेसेज केलात तर मी तयारीत राहीन.’

वेळ आणि नेमकी मागणी असली की माणसं ऐकतात. ‘आवाज कमी ठेवा’ एवढंच म्हटलं तर कुणी काहीच करत नाही. तरीही रात्री उशिरापर्यंत चालू राहिलं तर ११२ वर तक्रार करा. पत्ता, वेळ आणि आवाजाचा प्रकार सांगा.

## बिघाड झाला तर: पहिले तीन दिवस

होणारच. कुणीतरी दार आपटेल, रिक्षा कानाशी हॉर्न देईल. त्या वेळी घाबरून सगळा क्रम फेकून देणं ही शेवटची मोठी चूक.

पहिल्या दिवशी शांत खोली, पंखा चालू, कान उघडे. वेदना असतील तर डॉक्टरांनी सांगितलेलं वेदनाशामक. फोनवर बोलणं टाळा, मेसेज करा. ‘बरा झालाय का बघू’ म्हणून पुन्हा तोच आवाज लावून तपासू नका, हे मी इतक्यांना करताना पाहिलंय. दुसऱ्या दिवशी वही उघडा आणि आधीच्या आठवड्यात काय साठत गेलं होतं ते वाचा. बहुधा एकाच आवाजाने बिघाड झालेला नसतो. झोप कमी, दोन पिवळे लागोपाठ, आणि मग तो हॉर्न, असं असतं. चौथ्या दिवशी त्रास निवळलेला असेल तर जिथे होतात त्याच्या दोन पायऱ्या खालून सुरू करा. निवळला नसेल तर सराव बंद ठेवा, आठवडाभर वाट बघा आणि ऑडिओलॉजिस्टला कळवा. ऐकू कमी येत असेल किंवा कानात नवा आवाज सुरू झाला असेल तर आठवडा थांबू नका, त्याच दिवशी जा.

घरच्यांना या तीन दिवसांसाठी एकच काम द्या. दर तासाला ‘आता कसं वाटतंय?’ विचारायचं नाही. संध्याकाळी एकदा, हळू आवाजात, विचारलं तरी पुरे.